यकृताचा दाह आणि रक्ताची साक्ष



द्रोणागिरी हे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्याने संजीवनीची कथा उभी राहते. मारुतीरायाला नेमकी वनस्पती ओळखता येईना, तेव्हा त्याने अवघा डोंगरच उचलून आणला. ही कथा आम्ही लहानपणी ऐकतो ती पराक्रमाची म्हणून. परंतु वैद्यकाच्या इतिहासाकडे पाहू लागल्यावर तिच्यात दुसरेही काही दिसते. नेमकी खूण सापडत नाही तोवर माणसाला डोंगर उचलावा लागतो. यकृताच्या रोगांत वैद्यांची स्थिती पुष्कळ काळ अशीच होती, आणि एका बाबतीत ती अजूनही तशीच आहे.

यकृत हा अवयव मोठा सोशिक. आपल्या भाषेने त्याला फारसा न्याय दिला आहे असे नाही. काळीज म्हणजे हृदय असे आपण धरून चालतो, पण खाटकाकडे कलेजी मागितली तर तो यकृतच कापून देतो! आयुर्वेदाने मात्र कामला आणि यकृताच्या वाढीने होणारे उदर यांचा विचार फार पूर्वी केला. कुटकीचे प्राधान्य असलेली आरोग्यवर्धिनी यकृतासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते, आणि ज्या पनवेलच्या परिसरात आपण आज जमलो आहोत तेथे १८७२ सालापासून धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना आहे. वैद्य बोटांनी पोट चाचपून यकृत वाढले आहे काय ते पाहत, डोळ्यांतला पिवळेपणा पाहत. पण कावीळ दिसू लागते तेव्हा आत बरेच काही होऊन गेलेले असते, ही अडचण पूर्वेकडे होती तशी पश्चिमेकडेही होती.

आत काय चालले आहे ते पाहायचे तर यकृताचा तुकडाच काढून पाहावा लागे. पॉल एर्लिख याने १८८३ मध्ये सुईने असा तुकडा काढला. इटलीच्या मेंगिनी याने १९५८ मध्ये ती सुई इतकी सुधारली की हे काम एका सेकंदात होऊ लागले. तरीही सुई ती सुईच. तिच्यामागे रक्तस्रावाचे भय असते, आणि एवढ्या मोठ्या यकृताचा तिच्यात येणारा अंश म्हणजे गोणीतला एक दाणा. शेजारच्या भागात निराळी स्थिती असूही शकेल.

मग रक्तालाच विचारले तर? ह्या प्रश्नाचे पहिले ठळक उत्तर न्यूयॉर्कमध्ये मिळाले. १९५४ मध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी दाखविले की हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर ट्रान्सअमिनेज नावाच्या एका द्रव्याचे रक्तातले प्रमाण वाढते. लगेच पुढे यकृताच्या रोगांतही तसेच आढळले. कारण सोपे आहे. ही द्रव्ये पेशींच्या आत काम करतात. पेशी दुखावली की ती पाझरून रक्तात येतात. आज आपल्या अहवालात ए.एस.टी. आणि ए.एल.टी. अशी जी अक्षरे येतात ती यांचीच. रक्ताच्या चार थेंबांत यकृताची साक्ष! त्या काळच्या डॉक्टरांना केवढा दिलासा वाटला असेल.

ह्या साक्षीच्या मर्यादा पुढे कळल्या. १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृतांत चरबी होती, दाह होता, काहींत वणही पडले होते. हुबेहूब दारुड्याचे यकृत म्हणावे असे. पण ही माणसे दारू पिणारी नव्हती. पुष्कळशी स्थूल होती, मधुमेही होती. आपल्या घरांतून असे किती गृहस्थ, आणि गृहिणीही, डॉक्टरांच्या संशयी नजरेखाली उगाच अवघडून बसली असतील! रोगाच्या नावातला दारूचा उल्लेख निघायला २०२३ साल उजाडावे लागले. चयापचयाच्या बिघाडाशी निगडित असे नवे नाव तेव्हा त्याला मिळाले.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण सारा प्रश्न त्यावरच उभा आहे. यकृतात नुसती चरबी साठणे ही एक गोष्ट, आणि त्या चरबीने दाह पेटणे ही दुसरी. पहिली पुष्कळांना असते आणि बहुतेकांचे फारसे बिघडत नाही. दुसरीत चरबीच्या भाराने पेशी फुगतात, मरतात. यकृतातील रक्षक पेशी खवळून दाहकारक द्रव्ये सोडतात. आणि जखम भरावी तसे तंतू तयार होऊन हळूहळू सारे यकृत निबर होत जाते. सोनोग्राफीत चरबी दिसते, दाह दिसत नाही. ए.एल.टी. चा आकडा निर्दोष असूनही आत दाह व वण असल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. म्हणून तपासणीच्या कागदावर तो आकडा कंसाच्या आत आला की पेढे वाटायची जी पद्धत पडली आहे, ती आम्हाला मान्य नाही.

दाह ओळखणारी दुसरी एक जुनी खूण आहे. न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना सापडलेले सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. मौज अशी की ते यकृतातच तयार होते. पण हिरड्या सुजल्या, खोकला झाला, तरी ते वाढते. आग लागली आहे एवढे ते ओरडून सांगते. घर कोणते ते सांगत नाही. २००६ च्या सुमारास केराटिन-१८ ह्या प्रथिनाचे तुकडे पुढे आले. यकृताची पेशी ठराविक पद्धतीने मरते तेव्हा तिच्या सांगाड्यातील ह्या प्रथिनाचे तुकडे पडून ते रक्तात उतरतात. कल्पना सुरेख, परंतु एकट्या ह्या आकड्यावर निर्णय द्यावा इतकी ती भरवशाची ठरली नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू, कारण ह्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान पुण्यात लिहिले गेले. यकृत आणि पुण्याचे के.ई.एम. रुग्णालय यांचा संबंध जुना आहे. लहान मुलांच्या यकृताचा एक घातक रोग आपल्याकडे होता. डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी १९८० नंतरच्या दशकात त्याचा माग काढला, तो थेट स्वयंपाकघरात पोचला : कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात तापविलेल्या दुधातून तान्ह्या मुलांच्या पोटात तांबे जात होते. भांडी बदलली आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला.

त्याच संस्थेत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी निराळा प्रश्न हाती घेतला. आपली माणसे पाश्चात्त्यांइतकी लठ्ठ नसता मधुमेहाने एवढी का ग्रासतात? १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया व त्यांची मुले यांचा अभ्यास आरंभिला. इंग्लंडातील साउदॅम्प्टनचे बाळ सरासरी साडेतीन किलोचे, आपले २.७ किलोचे. पण आपल्या बाळात कमी पडत होते ते स्नायू; चरबी त्या मानाने राखलेली होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार! २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या अंगात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या अंगात शेकडा २१.२. पानभर आकडेमोडीने जे साधले नसते ते त्या दोन चित्रांनी साधले, असे आमचे मत आहे.

पुढे २००८ मध्ये याच गटाने पुणे भागातील खेड्यांतले, झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय वस्तीतले पुरुष यांचे रक्त तपासून चरबी, दाह आणि साखर यांची तुलना प्रसिद्ध केली. शहरी मध्यमवर्गीयांत चरबीही अधिक आणि दाहाच्या खुणाही अधिक. मुंबईच्या रेल्वे वसाहतींत डॉ. दीपक अमरापूरकर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वीस वर्षांवरील शेकडा १९ च्या आसपास लोकांच्या यकृतात चरबी निघाली. बंगालच्या खेड्यांतील २०१० च्या पाहणीत ज्यांच्या यकृतात ती निघाली त्यांतले बहुतेक लठ्ठ नव्हते.

ह्या आकड्यांचा उरण-पनवेलच्या माणसाशी संबंध काय, असे कोणी विचारील. जेथे भातखाचरे आणि मिठागरे होती तेथे १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, सिडकोच्या वसाहती उठल्या. मीठ ओढणाऱ्याचा मुलगा कंटेनरच्या कचेरीत खुर्चीवर बसू लागला. बापाची भूक आणि भाताचे ताट तेच राहिले. फक्त ओढणे गेले. पोट थोडे सुटले तरी त्याला कोणी लठ्ठ म्हणत नाही, आणि तोही स्वतःला म्हणत नाही.

अशा माणसासाठी आज एक स्वस्त साधन हाताशी आहे. एफ.आय.बी.-४ नावाचे हे गणित २००६ मध्ये दुसऱ्याच रोग्यांसाठी बसविले गेले. वयाला ए.एस.टी. ने गुणायचे, आणि रक्तातील प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना ए.एल.टी. च्या वर्गमुळाने गुणून त्या गुणाकाराने भागायचे. वय ४५, ए.एस.टी. २८, ए.एल.टी. ४९, प्लेटलेट अडीच लाख : उत्तर ०.७२. ते १.३ च्या खाली म्हणून तूर्त चिंता नाही. दुसरा गृहस्थ ५५ वर्षांचा, ए.एस.टी. ५६, ए.एल.टी. तेच ४९, प्लेटलेट एक लाख साठ हजार : उत्तर २.७५. ते २.६७ च्या वर, म्हणजे यकृताच्या डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. ए.एल.टी. दोघांचे एकच आहे हे पाहावे. पण हे गणित वणाचा अंदाज देते, दाहाचा नव्हे. आग किती पेटली आहे ते न सांगता राख किती झाली ते सांगते. नुसता दाह खात्रीने ओळखायचा तर अजून सुईच लागते.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये हा रोग मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. त्यावरील पहिले औषध अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्य झाले. त्याआधीपासून ठाऊक असलेला उपाय म्हणजे वजन उतरविणे. शेकडा दहा उतरले तर बहुसंख्यांचा दाह शमतो, असे सुयांनीच दाखविले आहे. आणि ज्यांच्या जन्माच्या वेळी याज्ञिकांनी मोजमाप घेतले ती सहा खेड्यांतली बाळे आता तिशीच्या घरात आली आहेत; सहा, बारा आणि अठरा वर्षांची असताना त्यांच्या पुन्हा तपासण्या झाल्या, आणि त्यांच्या वहीतली पाने अजून भरत आहेत.