वार्धक्यातील विनोदबुद्धी

सकाळच्या वेळी उद्यानात हात उंचावून खळखळून हसणारी ज्येष्ठांची मंडळे शहरवासीयांना नवी नाहीत. या चळवळीचा उगम मुंबईतला. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला परिसरातील उद्यानात मोजक्या मंडळींना घेऊन हास्यक्लब सुरू केला. प्रारंभी तेथे विनोद सांगितले जात. मात्र थोड्याच दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा संपला, उरलेले कुणाला ना कुणाला बोचू लागले आणि अखेर विनोदाला रजा देऊन निव्वळ हसण्याचा व्यायाम रूढ झाला. (हा प्रकारही तसा विनोदीच!)

हसणे आणि विनोदबुद्धी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे. हसणे ही शरीराची क्रिया होय. त्याने वेदना सोसण्याची शक्ती काही काळ वाढते, असे ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉबिन डनबर यांच्या चमूला प्रयोगांत आढळले. विनोदबुद्धी ही परिस्थितीकडे पाहण्याची दृष्टी आहे आणि उतारवयातील समाधानाचा प्रश्न येतो तेव्हा तिचे मोल अधिक.

अर्थात प्रत्येक विनोद हितकारक नसतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या : माणसे जोडणारी, स्वतःला सावरणारी, दुसऱ्याला टोचणारी आणि स्वतःला हिणवणारी. पहिल्या दोन मनःस्वास्थ्याला पोषक ठरतात. चौथीचा संबंध खिन्नता व न्यूनगंडाशी आढळतो. घरी कवळी विसरून लग्नाला आलेले आजोबा ‘आज सारी भिस्त बासुंदीवर’ म्हणतात, तेव्हा ते अडचणीवर मात करीत असतात. ‘आम्ही काय, घरातली अडगळ’ असे रोज हसतहसत म्हणणाऱ्या आजींचे मात्र तसे नसते. घरातले सारे हसतात, आजीही हसतात आणि त्या वाक्यातली तक्रार कुणाच्या कानी पडत नाही. सून वा मुलाने अशा वेळी हसण्याऐवजी क्षणभर थांबून ‘असे का वाटते?’ एवढे विचारले, तरी पुष्कळ उलगडा होऊ शकतो.

विनोदाने आयुष्य वाढते का? नॉर्वेत ५३ हजारांहून अधिक लोकांची १५ वर्षे नोंद ठेवून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विनोद टिपण्याची क्षमता अधिक असलेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. पुरुषांत हा संबंध मुख्यतः संसर्गजन्य आजारांपुरता आढळला. पण हा संबंध आहे, कारण नव्हे. निरोगी माणसाला विनोद अधिक सुचत असेल, हीही शक्यता उरतेच. सिडनीतील ३५ शुश्रूषागृहांत विनोदोपचार करून पाहण्यात आले, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. त्यात रहिवाशांची खिन्नता लक्षणीयरीत्या घटली नाही. चिडचिड व अस्वस्थता मात्र कमी झाली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांना हा लाभही थोडका वाटणार नाही.

वयानुसार विनोदातील गुंतागुंतीचा धागा पकडणे काहीसे जड जाते, असे टोरांटोतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले. समजलेल्या विनोदाला दाद देण्याची वृत्ती मात्र शाबूत राहते. अनेकदा तर अडचण बुद्धीची नसून कानांची असते. पंगतीत सारे हसले म्हणून हसायचे आणि कशावर ते विचारायचा संकोच करायचा, अशाने वृद्ध माणूस हळूहळू गप्पांतून बाजूला होतो. श्रवणतपासणी करून घेतल्यास आणि गरजेनुसार श्रवणयंत्र लावल्यास ही हानी बरीच टळू शकते.

एका बदलाकडे मात्र दुर्लक्ष नको. आजवर शालीन विनोद करणारी व्यक्ती अपघाताच्या बातमीवर वा कुणाच्या दुःखावर हसू लागली, तर तो केवळ वयाचा परिणाम समजू नये. फ्रंटोटेम्पोरल प्रकारच्या स्मृतिभ्रंशात असा बदल दिसतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१५ मध्ये ४८ रुग्णांच्या आप्तेष्टांकडे चौकशी केली, तेव्हा आजाराची नेहमीची लक्षणे दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी विनोदाची आवड बदलल्याचे अनेकांनी सांगितले. असे आढळल्यास मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी आणि हसण्याची पूर्वीची तऱ्हा कशी होती, तेही त्यांना सांगावे.