ओल्डेनबर्गचे वाट चुकलेले रॉबिन

१/८
मोबाइलच्या लहरींमुळे पक्षी दिशा विसरतात, असे आपण वारंवार ऐकतो. या समजाला कसोटीवर घासणारा एक प्रयोग जर्मनीत घडला. त्याचा हा इतिहास.

२/८
युरोपातील रॉबिन हा चिमुकला पक्षी रात्री स्थलांतर करतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला दिशा दाखवते, हे फ्रँकफर्टच्या वोल्फगांग विल्च्को यांनी १९६० च्या दशकात सिद्ध केले. स्थलांतराच्या ऋतूत पिंजऱ्यातला रॉबिनही आपल्या प्रवासाच्या दिशेकडेच झेपावतो.

३/८
पुढे ओल्डेनबर्ग विद्यापीठात हेन्रिक मौरित्सेन यांनी असेच प्रयोग मांडले. पण विद्यापीठाच्या आवारातील लाकडी खोल्यांत पक्षी वाटेल त्या दिशेला उड्या घेत. बराच काळ कारण उमगेना.

४/८
अखेर खोल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवून त्यांना अर्थिंग दिले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या पत्र्यांतून आरपार जाते. रेडिओ लहरी मात्र अडतात. पक्ष्यांना दिशा गवसली! अर्थिंग काढताच ती पुन्हा हरपली.

५/८
निष्कर्ष धक्कादायक होता, म्हणून चाचण्या वर्षानुवर्षे चालल्या. खोलीची अवस्था निरीक्षकांपासूनही लपवली जाई. शहराबाहेर तर पत्र्यांविनाही पक्षी अचूक वागले. २०१४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकाने हे संशोधन प्रसिद्ध केले.

६/८
मग दोषी कोण? ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला गोंगाट: विजेची उपकरणे आणि मध्यम लहरींवरील रेडिओ प्रसारण. मोबाइलची सेवा सुरू झाली ती प्रामुख्याने ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे या पट्ट्याच्या वरच्या टोकाहून १८० पट अधिक वारंवारतेवर.

७/८
याच परंपरेतले पुढचे प्रयोग ब्लॅककॅप पक्ष्यांवर झाले. ७५ ते ८५ मेगाहर्ट्झच्या लहरींनी त्यांचे होकायंत्र बिघडले. १४० ते १५० मेगाहर्ट्झच्या लहरींनी बिघडले नाही, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मोबाइलच्या लहरी या मर्यादेच्या बऱ्याच वर आहेत.

८/८
म्हणून मोबाइल सर्वस्वी निर्दोष ठरत नाही. ही कसोटी केवळ दिशाज्ञानापुरती होती. आपल्याकडील चिमणी तर स्थलांतरही करत नाही. २०२० च्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालानुसार ती देशभरात एकंदरीत टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र घटली आहे. आरोप चुकीच्या दारी ठेवला, तर तिथे तिचे खाद्य आणि घरट्याची जागा कोणी हिरावली, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.