खो-खोची स्पर्धा : पुण्याच्या मैदानापासून आपल्या गावापर्यंत



शाळेत असताना खो-खो खेळली नाही अशी बाई आपल्यात शोधावीच लागेल. पण लग्नानंतर किती जणी खेळल्या? आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा प्रश्न निघाला, तेव्हा एकही हात वर झाला नाही. आज खो-खोच्या स्पर्धा कशा सुरू झाल्या आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते सांगतो.

खेळ आपल्याकडे जुनाच. पण लिहिलेले नियम नसले की ज्याचं अंगण त्याचा कायदा. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम पहिल्यांदा तयार केले. सुरुवातीला मैदानाच्या टोकांना आजच्यासारखे खांबही नव्हते. १९२४ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले. छापील नियम आल्यावर कुठल्याही गावचा संघ दुसऱ्या गावी जाऊन खेळू शकतो. स्पर्धेचा पाया तिथेच पडतो.

पहिली अखिल भारतीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. बायकांची स्पर्धा पुढच्याच वर्षी, १९६०-६१ मध्ये, आपल्या कोल्हापुरात झाली. पुढे राष्ट्रीय स्पर्धेतल्या उत्तम महिला खेळाडूसाठी राणी लक्ष्मीबाई पुरस्कार सुरू झाला. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. बायकांचे १९ संघ आले. अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं. आपली कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे.

आता आमच्या गावची गोष्ट. आमची पहिली स्पर्धा फसली. आठ गटांनी नावं दिली, आले तीनच. आम्ही तारीख ठरवली ती ऐन सोयाबीनच्या काढणीत, आणि वेळ भर दुपारची. पंच म्हणून यजमान गटातल्याच एकीचा भाऊ उभा केला. बसल्या जागेवरून उठण्याआधी खो दिला की नंतर, यावरून वाद झाला आणि सामना अर्धाच राहिला. दोन गट तर महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हते.

दुसऱ्या वर्षी आम्ही आधी नियम कागदावर लिहिले आणि प्रत्येक गटाच्या बैठकीत वाचून दाखवले. जुन्या नियमाप्रमाणे एक पाळी नऊ मिनिटांची असते. आम्ही पाचच मिनिटांची ठेवली, कारण दम टिकायला हवा. पंच म्हणून दुसऱ्या गावच्या शाळेतले खेळाचे सर बोलावले. तारीख संक्रांतीनंतरची. धारा, स्वयंपाक, डबे उरकल्यावर अकराला पहिली शिट्टी. साडी नेसायची की ड्रेस घालायचा, हे जिचं तिने ठरवायचं. मैदानातले खडे आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून वेचले. शाळेचं स्वच्छतागृह उघडून घेतलं, पाण्याचे दोन पिंप भरून ठेवले. लेकरं सांभाळायला चार आजीबाई सावलीत बसल्या. गटागटाने वर्गणी काढली; खर्चाचा पै-पैचा हिशोब वहीत लिहिला आणि स्पर्धेनंतरच्या बैठकीत वाचला. बक्षीस म्हणून ढाल नाही, स्टीलच्या कळश्या दिल्या.

आठच्या आठ संघ आले. एकजण पळून आल्यावर धापा टाकत म्हणाली, "अठरा वर्षांनी पळाले गं, आणि मागं कुठलं काम नव्हतं."

पण सगळं गोड झालं असं सांगणार नाही. दोघींची नावं यादीत होती आणि त्या आल्याच नाहीत. घरून सोडलं नाही. त्यांच्या जागी राखीव खेळाडू उतरल्या, पण आम्ही यादीतली त्यांची नावं खोडली नाहीत. यंदा स्पर्धेच्या आधीच त्यांच्या घरी जायचं, सासूबाईंना आणि घरच्या पुरुषांनाही सामना बघायला बोलवायचं, असं ठरवलं आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात स्पर्धा घ्यायची असेल तर आधी तीन गोष्टी ठरवा : लिहिलेले नियम, बाहेरचा पंच आणि बायकांना जमेल अशी वेळ. मांडव आणि हारतुरे नंतर बघू.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!