धुराड्यातला प्राणवायू

गेले काही दिवस डोक्यात एकच विषय घोळतोय: साखर कारखान्याच्या बॉयलरमधला ऑक्सिजन ॲनालायझर. घरातली मंडळी म्हणतील, हा काय लिहायचा विषय झाला? पण आपल्या बारामती-इंदापूरच्या इतिहासात हा बापुडा कुठे येतच नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास ह्या दुष्काळी भागात आलं आणि मागोमाग ऊस आला. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला, त्याचं वालचंदनगर झालं. पुढे तिथे साखर कारखान्यांना लागणारी यंत्रं आणि बॉयलरही बनू लागले. मग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे सहकारी कारखाने आले. ह्या सगळ्यांच्या भट्टीचं खाद्य एकच, उसाचं चिपाड, म्हणजे बगॅस. त्यात जवळजवळ निम्मं पाणी! असलं ओलं जळण पेटतं ठेवायचं, तर हवेचा अंदाज अचूक लागतो.

पूर्वी हा अंदाज फायरमनच्या डोळ्यात असे. चिमणीचा धूर काळा झाला की हवा कमी पडतेय. पण हवा जास्त झाली तर धूर स्वच्छच दिसतो, आणि उष्णता मात्र चिमणीतून निघून जाते. बगॅस उरून पडत होतं तोवर त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. कारखाने वीज विकू लागले आणि त्याच चिपाडाला भाव आला.

मोजायची युक्ती मात्र जुनी. १८७० च्या दशकात फ्रान्समध्ये ऑर्साचं काचेचं उपकरण आलं. धुराचा नमुना वेगवेगळ्या द्रावणांतून न्यायचा, प्रत्येक द्रावण एकेक वायू शोषून घेतं, मग किती उरला ते बघायचं. एका मोजणीला बराच वेळ जाई, तोवर भट्टीची तऱ्हा बदललेली! १९६० च्या दशकात झिर्कोनियाचा सेल आला. हा चिनी मातीसारखा पदार्थ सुमारे ७०० अंश सेल्सिअसला तापवला, की त्याच्या एका बाजूची हवा आणि दुसऱ्या बाजूचा धूर यांतल्या प्राणवायूच्या फरकाप्रमाणे काही मिलिव्होल्ट वीज तयार होते. ह्या नात्याचं सूत्र जर्मन शास्त्रज्ञ नर्न्स्ट यांनी १८८९ मध्येच मांडलं होतं.

गणित सोपं आहे. धुरात ५ टक्के प्राणवायू म्हणजे गरजेपेक्षा साधारण ३० टक्के जादा हवा. १० टक्के दिसला तर जादा हवा ९० टक्क्यांच्या घरात! म्हणजे आकडा खाली आणला की जळण वाचतं. खरी गोम इथेच आहे. हे यंत्र आलं जळण वाचवायला. ते प्राणवायू मोजतं, सुरक्षितता मोजत नाही.

धुराच्या वाटेवर पत्र्याला भोक पडलं, तर बाहेरची हवा आत येते आणि आकडा फुगतो. त्यावर विसंबून हवा कमी केली, की भट्टी गुदमरते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. मग एखादं दार उघडून हवा आत शिरली की भडका उलटा येतो. उलट धुरात न जळलेला वायू असेल, तर तो तापलेल्या सेलवरच जळतो आणि प्राणवायू आहे त्याहून कमी दिसतो. म्हणून शेजारी कार्बन मोनॉक्साइडचा मीटर हवा, आणि सेल ठरावीक दिवसांनी प्रमाणित वायूवर तपासायला हवा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ७०० अंशाचा सेल म्हणजे स्वतःच एक ठिणगी. हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो पेपरात येतात. पण पेटवण्याआधी पंखे चालवून भट्टीतला साठलेला वायू बाहेर काढायचा असतो, त्याचा फोटो कुठून येणार? ओलं बगॅस येऊन आग विझली, तर पुन्हा पेटवतानाही तेच. आत जळणारा वायू असण्याची शक्यता असेल, तर सेलची वीज आधी बंद हवी, आणि सेलपुढे ज्वाला अडवणारी जाळी शाबूत हवी.

आपल्याकडचे बॉयलरचे कायदे स्फोटांतूनच जन्मले. कलकत्त्यात १८६३ मध्ये बॉयलर फुटून माणसं गेली, १८६४ मध्ये बंगालात तपासणीचा कायदा झाला, आणि १९२३ मध्ये देशभरासाठी. त्यांचा रोख वाफेच्या दाबावर होता. भट्टीतल्या वायूकडे लक्ष ठेवणं मात्र पाळीवरच्या माणसाच्याच हाती राहिलं.

आणि एक सांगून थांबतो. धुरात ५ टक्के प्राणवायू ही भट्टीची उत्तम तब्येत, पण माणसाला तेवढ्यावर दोन-चार श्वासांत भोवळ येईल. हंगाम संपल्यावर साफसफाईला आत उतरायचं, तर भिंतीवरच्या आकड्याचा उपयोग नाही. हातातला वेगळा मीटर घेऊन आतली हवा बघायची, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही, आणि बाहेर एक माणूस उभा ठेवायचा. आपल्या नात्यागोत्यातली कितीतरी पोरं आज कारखान्यांत पाळीवर आहेत. त्यांना एवढं तरी जरूर सांगा.