रत्नागिरीकडील दूरध्वनीचें स्थित्यंतर व त्याचे कागद

पानिपतचा निकाल नानासाहेब पेशव्यांस प्रथम कळला तो एका सावकारी कासिदाजवळच्या सांकेतिक पत्रावरून, हें वाचकांस ठाऊकच आहे. त्या पत्राचा मजकूर उरला म्हणून बातमी कोणत्या वाटेनें आली याची चर्चा आपणांस करतां येते. उलट, १९८० च्या सुमारास मुंबईची बातमी रत्नागिरीकडील खेड्यांत कशी पोंचे, याचा अस्सल कागद दाखवा म्हटलें तर आमच्यापैकीं कितीजण दाखवूं शकतील?

मुंबईस दूरध्वनीचें केंद्र १८८२ सालींच निघालें. खेड्यांतील चाकरमान्यांच्या घरीं मात्र पुढें कित्येक दशकें तारेचाच आश्रय होता. आणि तार आली कीं ती वाचण्यापूर्वींच घरांत रडारड सुरू होई. ट्रंक कॉल म्हणजे अर्ध्या दिवसाचें काम. नंबर नोंदवावा, साधा कीं तातडीचा तें सांगावें, आणि बांकावर बसून रहावें. (दूरध्वनि हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीशीं जोडला जातो. त्याचा विग्रह ‘दूरचा ध्वनि’ असा करावा कीं ‘दुरून येणारा ध्वनि’ असा, याविषयीं मतभेद संभवतो; ट्रंक कॉलवर बोललेल्या माणसास मात्र पहिलाच पटेल.)

हें जें पालटलें त्याचें मूळ १९८४ सालीं स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या सरकारी संशोधनसंस्थेंत आहे. सॅम पित्रोदा हे तिचे प्रवर्तक. ग्रामीण केंद्रासाठीं तिनें १२८ जोडण्यांचें लहान संगणकीय यंत्र तयार केलें. तें उष्मा व धूळ सोशी, आणि त्यास वातानुकूलित खोली लागत नसे. त्यांतील पहिलें यंत्र १९८६ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील कित्तूर येथें बसलें. कित्तूर आपणांस ठाऊक आहे तें राणी चन्नम्मेच्या १८२४ च्या लढ्यामुळें. यापुढें या दुसऱ्या कारणासाठींही तें टिपून ठेवावें.

साम्यवादी राजवटी कोसळल्यावर पूर्व युरोपांतही असेंच स्थित्यंतर झालें. पूर्व जर्मनींत १९९० च्या एकीकरणानंतर पश्चिमेकडील भांडवलानें नवें जाळें उभें राहिलें. एस्टोनियानें १९९१ त स्वातंत्र्य परत मिळविल्यावर संगणकीय यंत्रांकडे उडी घेतली. आपल्याकडे भांडवलाचा तसा लोंढा आला नाहीं. लहान यंत्र येथेंच घडवून तें आधीं खेड्यांत नेलें, हा भेद माझ्या मतें महत्त्वाचा आहे.

पुढील टप्पे सर्वांच्या आठवणींतले आहेत. एस. टी. डी. चीं पिंवळ्या पाट्यांचीं दुकानें निघालीं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि तिच्या रुळांलगत प्रकाशतंतूंची वाहिनीही कोंकणांतून गेली. १४ जुलै २०१३ रोजीं शेवटच्या तारा स्वीकारण्यांत आल्या. पाट्या गेल्या, दुकानें गेलीं. एका कचेरींतील ट्रंक-नोंदींचीं बाडें रद्दींत गेल्याचें मला चार महिने उशिरां कळलें. हीच बाडें मोडींत असतीं तर आपण धांवत गेलों असतों.

सुदैवानें एक वही हातीं आली आहे. आमच्या गांवांतील एकुलता फोन वाण्याच्या दुकानांत असे, व आलेले निरोप तो टिपून ठेवी. वही उभ्या बांधणीची, पुठ्ठा गेलेला, पानें ७२, त्यांपैकीं ९ कसरीनें खाल्लेलीं. लिपि बाळबोध, अंक मात्र जुन्या हिशेबी वळणाचे. १९८१ सालीं लालबागहून एका घरास महिन्यास दोन-तीन निरोप आहेत: पैसे पाठविले, मुलास ताप होता, गणपतीस येतों. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर त्या घराच्या नांवें पांच महिने कांहींच नाहीं. आणि जूनमध्यें एक ओळ आहे, ‘बिऱ्हाडासह येत आहेत, गाडी पाठवावी.’

अशी दुसरी वही कोणाच्या संग्रहीं असल्यास पानांची संख्या व पहिल्या-शेवटच्या नोंदींच्या तारखा कळवाव्यात.