गुणदानाची वही

मराठी माणूस नाटक दोनदा पाहतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. एकदा तो ते रंगमंदिरात पाहतो आणि दुसऱ्यांदा परतीच्या वाटेवर, चार स्नेह्यांच्या संगतीत. पुष्कळदा हा दुसरा प्रयोगच अधिक रंगतो. कोणाचे गाणे पडले, कोणता प्रवेश लांबला, याचा निवाडा घराचा उंबरठा येईपर्यंत होऊन गेलेला असतो. चित्रपटाच्या वाट्यालाही हेच भाग्य आले. तथापि चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बहुधा तो काढणाऱ्यांचाच इतिहास लिहिला. मंडळी जमवून तो पाहणाऱ्यांचा आणि त्यावर न्याय देणाऱ्यांचा इतिहास तितकासा कोणी लिहिला नाही. त्या इतिहासाचे काही धागे येथे एकत्र करण्याचा विचार आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका जुन्या वहीमुळे. सन १९८८ च्या सुमारास आम्ही सहा मित्र अंबाजोगाईस शिकत होतो. ज्या गावात मुकुंदराजांची समाधी आहे आणि ज्या गावात दासोपंतांनी एका लांबलचक वस्त्रावर पंचीकरण लिहून ठेवले, त्या गावात कापडावर काही पाहण्याची आणि त्यावर वाद घालण्याची परंपरा जुनीच म्हणायची. रविवारी दुपारी दूरदर्शनवर निरनिराळ्या भाषांतील पारितोषिकप्राप्त चित्रपट दाखवीत. वीज राहिली तर ते संपूर्ण पाहावयास मिळत. एरवी वर्गणी काढून व्हिडिओ भाड्याने आणावयाचा. एका जमाखर्चाच्या लाल चोपडीत आम्ही प्रत्येक चित्रपटाला दहापैकी गुण देत असू. नियम दोनच होते. कोणी तोंड उघडण्यापूर्वी प्रत्येकाने आपला आकडा लिहावयाचा, आणि आकड्यापुढे एका ओळीचे कारण लिहावयाचे. सरासरी काढण्याचे काम माझ्याकडे होते. असा उद्योग जगात प्रथम आपणच आरंभिला, अशी आमची त्या वयातील प्रामाणिक समजूत होती!

ती समजूत पुढे वाचनाने दूर केली. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये कानुदो आणि देल्यूक या लेखकांच्या भोवती चित्रपटरसिकांची वर्तुळे जमू लागली होती. लंडनमध्ये १९२५ साली आयव्हर माँटेग्यू प्रभृतींनी ‘फिल्म सोसायटी’ स्थापन केली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिचा पहिला खेळ झाला. बर्नार्ड शॉ, एच. जी. वेल्स, अर्थशास्त्रज्ञ केन्स अशी माणसे तिच्या पाठीशी होती. या मंडळींचा हेतू केवळ करमणुकीचा नव्हता. व्यापारी चित्रगृहांना जे चित्रपट परवडत नसत आणि परिनिरीक्षकांना जे रुचत नसत, ते सभासदांपुरते दाखवावेत, ही त्यामागील मुख्य कल्पना. आयझेन्स्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ला इंग्लंडात सार्वजनिक खेळाची परवानगी नाकारण्यात आली होती, तोच चित्रपट १९२९ मध्ये या सोसायटीने आपल्या सभासदांना दाखविला. अर्थात चित्रपट-मंडळाचा जन्मच मुळी एका प्रश्नातून झाला : काय पाहावे आणि काय चांगले, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

गुणदानाचा इतिहासही याच काळातला. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या दैनिकात आयरीन थायरर या समीक्षिकेने १९२८ साली चित्रपटांना तारे देण्याचा प्रघात सुरू केला. घाईत असलेल्या वाचकाला लेख न वाचताच निकाल कळावा, ही सोय त्यात होती. पॅरिसच्या ‘काइए द्यु सिनेमा’ या मासिकाने १९५५ साली दहा परीक्षकांचे एक मंडळच बसविले. प्रत्येक नव्या चित्रपटासमोर दहाही जणांचे तारे शेजारी शेजारी छापले जात, आणि मतभेद झाकण्याऐवजी उघड केला जाई. लंडनच्या ‘साइट अँड साउंड’ने १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेण्यास आरंभ केला. पहिल्या कौलात डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्हज’ला अग्रस्थान मिळाले. पुढे १९६२ पासून २००२ पर्यंत पाचही वेळा ‘सिटिझन केन’ अग्रभागी राहिला. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ने त्याला खाली उतरविले. या कौलाकडे पुन्हा यावयाचेच आहे.

हिंदुस्थानात चलच्चित्राचे पहिले खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाले, आणि दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात झळकला. तेव्हापासून प्रेक्षक होता. परंतु मंडळी जमवून, विचारपूर्वक पाहणारा प्रेक्षक तयार व्हावयास वेळ लागला. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, तेव्हा आपल्या गावच्या प्रेक्षकाने ज्याला आधीच हात जोडले होते त्याच्यावर परदेशी परीक्षकांनी मोहर उठविली, एवढाच त्याचा अर्थ होता. त्याच वर्षी मुंबईत हौशी चित्रकारांची एक सिने सोसायटी निघाली, आणि पुढील दशकाच्या आरंभी बाँबे फिल्म सोसायटी. परंतु या संस्थांचा व्यवहार इंग्रजी जाणणाऱ्या थोड्या लोकांपुरताच राहिला.

खरी क्रांती कलकत्त्यास झाली. १९४७ च्या ऑक्टोबरात, स्वातंत्र्य दोन महिन्यांचे असताना, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांचे स्नेही यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. आरंभ झाला तो ‘बॅटलशिप पोटेमकिन’नेच. राय त्या वेळी एका जाहिरातसंस्थेत चित्रकार होते. १९५० साली कामानिमित्त लंडनास गेले असता त्यांनी काही महिन्यांत शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. ‘बायसिकल थीव्हज’ त्यांतलाच. १९५५ साली ‘पथेर पांचाली’ पडद्यावर आला. मित्रांच्या बैठकीत झालेल्या वादविवादाचे असे फळ जगात क्वचितच कोठे आले असेल. १९५२ साली भारतात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि इटली व जपान येथील चित्रकृती येथील तरुणांना पाहावयास मिळाल्या. १९५९ मध्ये निरनिराळ्या शहरांतील सोसायट्यांचा महासंघ झाला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले.

महाराष्ट्रापुरते पाहता या चळवळीचे केंद्र पुणे व मुंबई हेच. पुण्यास प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. १९६४ साली तेथेच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी मोडीत निघालेली, दुर्लक्षित रिळे गावोगाव हिंडून गोळा केली, आणि आग्र्यास अर्थशास्त्र शिकवीत असताना चित्रपट-मंडळ चालविलेल्या सतीश बहादुर यांनी ‘चित्रपट कसा पाहावा’ हा एक अध्यापनाचा विषय बनविला. मुंबईत १९६८ साली सुधीर नांदगावकर प्रभृतींनी ‘प्रभात चित्र मंडळ’ काढले. मराठी माणसाला मराठीतून जागतिक चित्रपटाविषयी बोलावयास लावणे, हे या मंडळाचे मोठे कार्य. त्याचे ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक त्याच हेतूने निघाले. मंडळाचे तंत्र साधे असे. सभासदांची वर्गणी, संग्रहालयातून किंवा परकीय वकिलातींकडून आणलेली रिळे, भाड्याचे सभागृह आणि खेळानंतर चर्चा. चर्चा नसेल तर ते मंडळ नव्हे, ते केवळ स्वस्त चित्रगृह होय.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. ही चळवळ आमच्या बीड जिल्ह्यात का रुजली नाही? याचे उत्तर काही अंशी इतिहासात आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यास जोडला गेला. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ मध्ये मिळाले. बीड शहरी रेल्वेगाडी येण्यास तर २०२५ साल उजाडावे लागले. जड रिळांच्या पेट्या पुण्याहून मागवावयाच्या, यंत्र मिळवावयाचे आणि ऐन वेळी वीज जावयाची, हे संकट लहान नव्हते. परंतु केवळ अंतराला दोष देऊन भागणार नाही. कर्नाटकातील हेग्गोडू हे आडबाजूचे खेडे. तेथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ संस्थेने १९७३ साली चित्रसमाज काढला आणि शेतकऱ्यांना, सुपारीच्या बागेत राबणाऱ्यांना कुरोसावा आणि डी सिका दाखविले. भाषा कळली नाही म्हणून कोणी उठून गेले नाही. साधनांच्या अभावापेक्षाही ‘हे आपल्या लोकांना कळावयाचे नाही’ ही सुशिक्षितांची समजूतच अधिक आड येते, असे मला वाटते. हा दोष मी इतरांच्या पदरी बांधीत नाही. तो माझ्या वहीतच आहे.

आम्हा सहांपैकी एक मित्र ऊसतोडीवर जाणाऱ्या कुटुंबातला होता. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे जातात आणि गळीत हंगाम सरल्यावर परततात. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’. हिशेब माणसांचा नव्हे, कोयत्यांचा. हा मित्रही हंगामाचे काही महिने आईबापांबरोबर फडात जाई, आणि वहीत त्याची जागा तेवढे दिवस कोरी राही. एका वर्षी तो निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ पाहिला. विजय तेंडुलकरांची कथा, निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांची जुगलबंदी, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गेलेला हा चित्रपट. आम्ही सारे भारावून गेलो होतो. आम्हा पाच जणांचे आकडे होते नऊ, नऊ, आठ, नऊ आणि दहा. त्याने तीन लिहिले, आणि पुढे कारण लिहिले : ‘कारखाना दिसला, कोयता दिसला नाही.’ पहाटे निघावयाचे असल्यामुळे तो चर्चेस थांबला नाही.

चर्चेत त्याच्या त्या ओळीवर आम्ही दोन मिनिटेही खर्च केली नाहीत. चित्रपटाचा विषय सत्ता आणि विवेक यांच्या झुंजीचा आहे, मजुरीचा नव्हे; जे दाखवावयाचेच नव्हते त्याबद्दल गुण कापणे हे समीक्षेला धरून नाही, असे मी मोठ्या ऐटीत सांगितले. सरासरी काढताना त्याचे तीन मी वगळले. सबब अशी की, चर्चेला जो हजर नाही त्याचे मत धरू नये. तसा नियम आमच्या वहीत नव्हता. तो मी त्या रात्री केला. पुढच्या हंगामानंतर तो मित्र महाविद्यालयात परत आला नाही.

त्या गोष्टीचा अर्थ मला फार उशिरा कळला. ‘साइट अँड साउंड’च्या २०२२ च्या कौलात अग्रस्थान शांताल अकेरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या ‘झान दिएलमान’ या चित्रपटाला मिळाले. एका विधवेचे तीन दिवसांचे घरकाम, बटाटे सोलणे, भांडी घासणे, अंथरूण घालणे, हे त्यात सावकाश दाखविले आहे. हा चित्रपट १९७५ चा, म्हणजे ‘सामना’ बर्लिनला गेला त्याच वर्षीचा. मग सत्तेचाळीस वर्षे तो शिखरावर का आला नाही? चित्रपट बदलला नव्हता. पंच बदलले होते. २०१२ मध्ये ८४६ जणांना मत होते, २०२२ मध्ये ते १,६३९ झाले, आणि पूर्वी ज्यांना कोणी विचारीत नसे असे अनेक त्यांत आले. स्वयंपाकघरातील श्रम ही पाहण्याजोगी गोष्ट आहे, असे म्हणणारे डोळे बैठकीत येऊन बसले तेव्हा निकाल फिरला. या निकालाने पुष्कळांना राग आला, आणि त्या रागातही माझ्या त्या रात्रीच्या ऐटीचाच सूर मला ऐकू आला.

याचा अर्थ गुणदान व्यर्थ आहे, असा मी काढीत नाही. ‘सामना’ आजही मला थोर चित्रपट वाटतो, आणि माझे नऊ मी मागे घेणार नाही. परंतु गुणांची सरासरी ही चित्रपटाची उंची जेवढी सांगते, तेवढीच ती बैठकीला कोण बसले होते हेही सांगते. लंडनच्या मंडळींनी परिनिरीक्षकाचा अधिकार नाकारला, कलकत्त्याच्या मित्रांनी बाजाराचा नाकारला. आणि अशा प्रत्येक मंडळाने आपापल्या दाराशी नकळत एक नवा परिनिरीक्षक उभा केला. आमच्या खोलीत तो परिनिरीक्षक मी होतो.

आज रिळांच्या पेट्या नाहीत आणि वर्गणीचीही गरज नाही. जगातील उत्तमोत्तम चित्रपट फडातल्या खोपीतसुद्धा हातातील यंत्रावर दिसू शकतात. गुण देणारे लक्षावधी झाले आहेत. मात्र आकड्यापुढे कारण लिहिणारे थोडे, आणि दुसऱ्याचे कारण वाचणारे त्याहून थोडे. महाविद्यालयांतून पुन्हा चित्रपट-मंडळे निघावीत असे मला मनापासून वाटते, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी आमचे ते दोन नियम सांगत असतो. त्यांत आता तिसऱ्याची भर घातली आहे : जो उठून गेला त्याची ओळ आधी मोठ्याने वाचावी.

ती लाल चोपडी अजून माझ्याजवळ आहे. त्या पानावर माझ्या अक्षरात ‘सरासरी ९’ असे लिहिले आहे. पाचांची बेरीज पंचेचाळीस, म्हणून नऊ. सहावा आकडा धरला तर अठ्ठेचाळीस, आणि सहांनी भागल्यावर आठ. मी ती नोंद खोडली नाही, कारण तीही इतिहासाचाच पुरावा आहे. तिच्याखाली आजची तारीख घालून खरा हिशेब तेवढा लिहून ठेवला आहे.