घरचा सूर

अमेरिकेतील नॅशव्हिलची ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणजे कंट्री संगीताची पंढरीच. 1968 च्या मार्चमध्ये ‘बर्ड्स’ ही केस वाढवलेली रॉक मंडळी तेथे गायला उभी राहिली, तेव्हा श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. त्यांच्यातला 21 वर्षांचा गिटारवादक ग्रॅम पार्सन्स डगमगला नाही. जाहीर झालेले गाणे सोडून मित्रासह रचलेले ‘हिकरी विंड’ त्याने आजीला अर्पण करून गायिले. दक्षिणेकडच्या राज्यांत वाढलेल्या या पोराचा तो घरचाच सूर. घरच्यांनीच तो ओळखला नाही. पुढेही त्याच्या तबकड्या फारशा खपल्या नाहीत. 1973 मध्ये, 26 व्या वर्षी, मद्य आणि मॉर्फीन यांनी त्याचा बळी घेतला. त्याची सहगायिका एमिलू हॅरिस हिने 1979 मध्ये तेच गाणे ध्वनिमुद्रित केले. 1992 मध्ये ऑप्रीने तिला सन्मानाने आपली सदस्य करून घेतले. ऐकायला ग्रॅम मात्र नव्हता.